‘फेअर ट्रेड’चा शिक्का लागला, पण पैसे कोणाच्या नावावर जमा झाले?

भाव रास्त मिळाला का, एवढं विचारून भागत नाही. पैसे कोणाच्या हातात पडले, प्रक्रिया कुठे झाली आणि वादळ आलं तेव्हा नुकसान कोणी सोसलं? बेटांवरच्या छोट्या देशांतल्या महिलांच्या अनुभवातून पुढे आलेले तीन प्रश्न...

कॉफी, चॉकलेट, साबण किंवा खोबरेल तेल ऑनलाइन मागवताना पाकिटावर कधीतरी ‘फेअर ट्रेड’ हे शब्द दिसतात. शेजारी बहुतेक वेळा एका हसऱ्या बाईचा फोटो असतो. डोक्यावर टोपली, मागे नारळाची झाडं. फोटोचं म्हणणं साधं असतं : तुम्ही चार पैसे जास्त मोजलेत, ते हिच्यापर्यंत पोहोचले.

खरंच पोहोचले का? याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात देता येत नाही. पण ते शोधायची चांगली जागा म्हणजे बेटांवरचे छोटे देश. तिथे बाजारपेठ दूर, जहाजाचं भाडं महाग, जमीन थोडी आणि एका वादळात वर्षभराची कमाई जाण्याची भीती कायमची. अशा ठिकाणी व्यापारातला अन्याय झाकून राहत नाही. आणि तो कशाने कमी होतो, हेही तिथे स्पष्ट दिसतं.

फेअर ट्रेड म्हणजे नेमकं काय?

या लेबलची सुरुवात १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये झाली. मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्यांची कॉफी ‘मॅक्स हॅवलार’ या नावाच्या शिक्क्यासह डच दुकानांत विकली जाऊ लागली. पुढे वेगवेगळ्या देशांत अशी लेबलं निघाली आणि १९९७ मध्ये ती एका आंतरराष्ट्रीय छत्रीखाली आली. आज आपण जिला ‘फेअरट्रेड इंटरनॅशनल’ म्हणून ओळखतो, ती ही संस्था.

तिची पद्धत दोन गोष्टींवर उभी आहे. पहिली, किमान भाव. बहुतेक मालांसाठी असा भाव ठरवलेला असतो. बाजार कोसळला तरी खरेदीदाराने त्याखाली जायचं नाही. बाजारभाव वर गेला तर तो वरचा भाव द्यायचा. आपल्याकडच्या हमीभावासारखीच ही कल्पना, फक्त इथे हमी सरकारची नसून खरेदीदाराची असते. दुसरी गोष्ट म्हणजे प्रीमियम. भावाच्या वर मिळणारी ही जादा रक्कम शेतकऱ्यांच्या संस्थेच्या सामायिक खात्यात जाते. शाळा, पाण्याची टाकी, गोदाम की आणखी काही, हे सभासद मतदानाने ठरवतात.

कागदावर हे सगळं चोख आहे. गडबड ‘सभासद’ या शब्दापाशी सुरू होते. संस्थेचा सभासद कोण? साधारणपणे ज्याच्या नावावर जमीन किंवा बाग आहे तो. आणि जगात बहुतेक ठिकाणी ते नाव पुरुषाचं असतं. खुरपणी, वेचणी, धुणं, वाळवणं हे सगळं बाईने केलं तरी वजनाच्या पावतीवर नाव नवऱ्याचं, सभेत हात वर करायचा हक्कही त्याचाच. भाव रास्त झाला म्हणून तो आपोआप तिच्यापर्यंत जात नाही. घराच्या उंबरठ्यावर येऊन थांबतो.

पापुआ न्यू गिनीत पिकलेली फळं मातीत का सडत होती?

हा उंबरठा कसा ओलांडता येतो, याचं मला सापडलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण कुठल्याही लेबलचं नाही. ते पापुआ न्यू गिनीतल्या वेस्ट न्यू ब्रिटन प्रांतातल्या पामतेलाच्या शेतीचं आहे.

तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारने कुटुंबांना जमिनीचे तुकडे देऊन पामची लागवड करून घेतली. पामचे घड वजनाला भारी असतात. झाडावरून ते कापायचं काम पुरुषांचं. घड पिकला की त्यातली फळं सुटून खाली पडतात. मोठ्या बोराएवढी ही फळं वाकून, एकेक करून वेचावी लागतात. हे काम बायकांचं. गंमत म्हणजे तेलाचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं ते याच पिकून गळलेल्या सुट्या फळांत.

तरीही या फळांचा मोठा हिस्सा झाडाखालीच सडून जायचा. कंपनीचं नुकसान, कुटुंबाचंही नुकसान. बायका वेचायला का येत नाहीत? त्या आळशी नव्हत्या, हिशेबी होत्या. घड असो की सुटी फळं, सगळ्याचे पैसे एकाच कार्डावर, म्हणजे नवऱ्याच्या नावावर जमा व्हायचे. त्यातले आपल्याला किती मिळतील, याची खात्री नव्हती. त्यापेक्षा परसातली रताळी, अळूचे कंद आणि पालेभाजी पिकवून जवळच्या बाजारात विकली, तर पैसे थेट हातात. दिवसाचे तास तेवढेच असतील, तर कोणतीही शहाणी बाई दुसरं काम निवडेल.

१९९७ मध्ये तिथल्या पामतेल कंपनीने आणि शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या सरकारी संस्थेने एक साधा बदल केला. बाईला तिचं स्वतःचं कार्ड दिलं. सुट्या फळांचं वजन वेगळं, नोंद वेगळी आणि पैसे तिच्या नावावर. योजनेचं नाव ‘मामा लुस फ्रुत’. तिथल्या टोक पिसिन बोलीत ‘मामा’ म्हणजे आई किंवा घरातली मोठी बाई, आणि ‘लुस फ्रुत’ म्हणजे सुटी फळं.

परिणाम झटपट दिसला. बायका मोठ्या संख्येने योजनेत आल्या आणि सडणारी फळं काट्यावर येऊ लागली. काही वर्षांत छोट्या शेतकऱ्यांच्या पाम उत्पन्नापैकी साधारण एक चतुर्थांश रक्कम बायकांच्या कार्डावर येत होती. संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. अनेक पुरुष आपणहून काही घड बायकोच्या कार्डावर वजन करायला देऊ लागले. घरखर्चाचा आणि तिच्या श्रमाचा हिशेब मिटवायचा हा सोपा मार्ग झाला.

इंजिनिअरिंगमध्ये एक गोष्ट शिकवतात : सिस्टीममध्ये गळती होत असेल, तर मोठा पंप बसवण्याआधी गळती कुठे आहे ते शोधा. इथे खत बदललं नाही, झाडाची जात बदलली नाही, जगाच्या बाजारातला भावही बदलला नाही. बदललं ते फक्त पावतीवरचं नाव. गळती शेतात नव्हतीच, हिशेबाच्या वहीत होती.

ही योजना म्हणजे रामबाण होती, असं मात्र म्हणता येत नाही. बाईच्या कामाचे तास त्यामुळे वाढलेच. जमिनीवर तिचं नाव लागलं नाही. पामच्या लागवडीसाठी जंगल जातं, हा प्रश्नही तसाच राहिला. पण रास्त व्यापाराची पहिली पायरी कोणती, हे या कार्डाने दाखवून दिलं.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते तेव्हा ती दोघं मिळून एक ‘कोयता’ धरली जातात. राबणारे हात चार, पण मुकादमाकडून उचल घेतो तो बहुतेक वेळा पुरुष. बाईने किती मोळ्या बांधल्या, याची स्वतंत्र नोंद नाही. साखरेला कितीही चांगला भाव मिळाला तरी ही नोंद आपोआप होणार नाही.

सामोआने खोबरं विकायचं सोडून तेल का काढलं?

दुसरा प्रश्न आहे प्रक्रियेचा. माल कच्चा जातो की तयार होऊन जातो?

सामोआ हा पॅसिफिक महासागरातला सुमारे दोन लाख लोकवस्तीचा देश. १९९० मध्ये ‘ओफा’ आणि १९९१ च्या डिसेंबरमध्ये ‘व्हाल’ अशी दोन मोठी चक्रीवादळं पाठोपाठ आली. त्यातून सावरेपर्यंत १९९३ मध्ये तिथल्या टॅरोवर, म्हणजे अळूच्या कंदावर, करपा रोग पसरला. अळू हे तिथलं रोजचं अन्न आणि निर्यातीचं मुख्य पीक. ती निर्यात जवळपास संपली.

नारळ होता, पण तो सुक्या खोबऱ्याच्या रूपात जायचा. नारळ फोडायचा, खोबरं धुरावर किंवा उन्हात वाळवायचं आणि व्यापाऱ्याला द्यायचं. पुढे परदेशातल्या गिरणीत त्याचं तेल निघणार, शुद्ध होणार, बाटलीत भरलं जाणार. नफा या पुढच्या टप्प्यांत आणि गावाच्या वाट्याला जागतिक बाजार ठरवेल तो भाव. तो एखाद्या वर्षी इतका पडायचा, की पडलेले नारळ गोळा करणंही परवडत नसे.

१९९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘विमेन इन बिझनेस डेव्हलपमेंट’ या सामोअन संस्थेने यातून वाट काढली. आदिमाइमालागा ताफुनाई यांच्या नेतृत्वाखालच्या या संस्थेने गावातल्या कुटुंबांना खोबऱ्याऐवजी तेल तयार करायला मदत केली. त्यासाठी ऑस्ट्रेलियातले अर्थतज्ज्ञ डॅन एदरिंग्टन यांनी विकसित केलेलं छोटं यंत्र उपयोगी पडलं.

त्याचं तंत्र कोकणातल्या कुणालाही लगेच समजेल. ताजा नारळ फोडून खवायचा. तो चव तापलेल्या लांबट पत्र्यावर परतत राहून त्यातला ओलावा कमी करायचा. नारळाच्या करवंट्या आणि सोडणं हेच जळण. मग तो कोमट चव एका नळकांड्यात भरून हाताने चालणाऱ्या दाबयंत्राखाली धरायचा. नारळ फोडल्यापासून साधारण तासाभरात तेल बाहेर. ते इतकं स्वच्छ असतं, की पुढे रिफायनरीची गरज राहत नाही. ऑनलाइन ‘व्हर्जिन कोकोनट ऑइल’ म्हणून महागडी बाटली मिळते, ते हेच.

यात आर्थिक न्यायाचा मुद्दा कुठे आला? नफा जिथे तयार होतो तो टप्पा समुद्रापलीकडच्या गिरणीतून उठून गावात आला. तेल हे खोबऱ्यापेक्षा कमी जागेत मावतं, टिकतं आणि जास्त भावाने जातं. जहाजाचं भाडं हाच जिथे मोठा खर्च, तिथे हा फरक निर्णायक ठरतो. संस्थेने सेंद्रिय प्रमाणपत्राचा खर्च आणि कागदपत्रं सामूहिकरीत्या सांभाळली, कारण एकट्या कुटुंबाला ते झेपलं नसतं. पुढे ‘द बॉडी शॉप’ या ब्रिटिश सौंदर्यप्रसाधन कंपनीने हे तेल आपल्या फेअर ट्रेड कार्यक्रमात घेतलं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. सामोआत बहुतांश जमीन कुटुंबसमूहाच्या परंपरागत मालकीची असते आणि तिचा कारभार ‘मताई’ म्हणजे कुटुंबप्रमुख पाहतात. ते बहुसंख्य पुरुष आहेत. म्हणून या संस्थेने बाईला कुटुंबापासून वेगळं न काढता अख्ख्या कुटुंबाला सोबत घेतलं; चाव्या मात्र महिलांच्या संस्थेकडे ठेवल्या. पापुआ न्यू गिनीपेक्षा हा मार्ग वेगळा आहे. दोन्ही चालले, कारण दोन्ही तिथल्या घराची रचना पाहून आखले होते.

याच संस्थेने ‘इए’ नावाच्या बारीक विणीच्या चटयांनाही पुन्हा उभारी दिली. केवड्याच्या जातीतल्या झाडाच्या पानांपासून बायका या चटया विणतात. एक चटई पुरी व्हायला कित्येक महिने लागतात. तेवढा काळ विणणारीने खायचं काय? म्हणून चटई हवी असणाऱ्याने आधीपासूनच हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे, अशी पद्धत बसवली गेली. २०१९ मध्ये युनेस्कोने या चटईच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. सन्मान महत्त्वाचा आहेच. पण विणणारीच्या दृष्टीने दर हप्त्याला हातात येणारी रक्कम त्याहून कमी महत्त्वाची नाही.

भाव रास्त होता, मग केळीच्या बागा का संपल्या?

तिसरा प्रश्न जोखमीचा. इथे आपण कॅरिबियन समुद्रातल्या विंडवर्ड बेटांकडे वळू. डोमिनिका, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट हे छोटे देश. डोंगरउतारावर काही एकरांच्या केळीच्या बागा. इथे अनेक घरांची प्रमुख बाईच असते आणि बागही तीच चालवते. केळी हे असं पीक, की दर आठवड्याला-पंधरवड्याला घरात पैसा येतो. मुलांची फी, किराणा, औषधं सगळं त्यावर.

ब्रिटनच्या बाजारात या केळीला संरक्षण होतं. लॅटिन अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या अवाढव्य मळ्यांशी ही बेटं भावात स्पर्धा करू शकत नव्हती. १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने अमेरिका आणि लॅटिन अमेरिकी देशांच्या तक्रारीवर युरोपच्या या व्यवस्थेविरुद्ध निकाल दिला. १९९९ मध्ये अमेरिकेने युरोपीय मालावर दंडात्मक शुल्क लावलं. अखेर २००९ च्या करारात लॅटिन अमेरिकी केळीवरचं शुल्क टनामागे १७६ युरोवरून टप्प्याटप्प्याने ११४ युरोवर आणायचं ठरलं. अमेरिका स्वतः केळी जवळपास पिकवतच नाही. भांडण तिच्या कंपन्यांचं होतं. किंमत बेटांनी मोजली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पंचवीस हजारांच्या आसपास केळी उत्पादक होते. २०१० च्या सुमारास ते काही हजारांवर आले.

जे टिकले, त्यांना फेअर ट्रेडनेच टिकवलं. २००० पासून विंडवर्डची केळी या शिक्क्यासह ब्रिटनमध्ये जाऊ लागली. २००७ मध्ये सेन्सबरीज या सुपरमार्केट साखळीने आपली सगळी केळी फेअर ट्रेडची करायचा निर्णय अमलात आणला. काही वर्षं असं वाटलं, की वाट सापडली.

मग ऑक्टोबर २०१० च्या अखेरीस ‘टोमास’ चक्रीवादळ आलं आणि सेंट लुसियातल्या जवळपास सगळ्या बागा आडव्या झाल्या. पुढे करप्यासारख्या पानांच्या रोगाने उरल्यासुरल्या बागांना गाठलं. २०१७ मध्ये ‘मारिया’ने डोमिनिकाचं जे नुकसान केलं, ते त्या देशाच्या वर्षभराच्या सकल उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक होतं.

किमान भाव हा विकलेल्या मालाला मिळतो. माल जमिनीवर आडवा पडलेला असेल, तर रास्त भावाचा उपयोग शून्य. आणि बाग मोडली की पुरुष कामासाठी बेट सोडून जाऊ शकतो. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणारी बाई बहुधा मागे राहते. ज्या हवामानबदलामुळे अशी वादळं आणखी तीव्र होत आहेत, त्यात या बेटांचा वाटा नगण्य आहे. नुकसानीची आंतरराष्ट्रीय भरपाई व्यवस्था असावी, ही सूचना वानुआतूने छोट्या बेट-देशांच्या वतीने १९९१ मध्येच मांडली होती. त्यासाठीचा निधी उभारायचा निर्णय झाला २०२२ मध्ये. मधली ३१ वर्षं चर्चेत गेली.

पण ही शेवटी मदतच ना?

फेअर ट्रेडवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला, ही गिऱ्हाइकाच्या सदिच्छेवर चालणारी मदत आहे. बाजार ठरवेल तो भाव खरा. यावर विंडवर्डचं उत्तर पुरेसं आहे. जो भाव ‘बाजाराने’ ठरवला असं म्हटलं जातं, तो जिनिव्हातल्या वाटाघाटींनी, शुल्कांनी आणि कंपन्यांच्या वकिलांनी ठरवला. नियम बनवताना कुणाचा तरी हात असतोच. तो बेटावरच्या बाईच्या बाजूने पडला, की तेवढीच मदत कशी ठरते?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एका मोठ्या खरेदीदारावर अवलंबून राहणं धोक्याचं असतं. हे खरं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘द बॉडी शॉप’चा ब्रिटनमधला व्यवसाय आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकाच्या हाती गेला, तेव्हा जगभरातल्या तिच्या फेअर ट्रेड पुरवठादारांच्या पोटात गोळा आला. कंपनीला नवा मालक मिळाला, पण धडा राहिला. चांगला खरेदीदार हाही शेवटी एकच खरेदीदार असतो. म्हणून स्थानिक बाजार तितकाच महत्त्वाचा. फिजी, सोलोमन बेटं आणि वानुआतू इथल्या बाजारांत भाजी-फळं विकणाऱ्यांत बायकांचं प्रमाण प्रचंड आहे. फिजीत लांबच्या गावांहून येणाऱ्या बायका रात्री मालाशेजारी उघड्यावर झोपायच्या. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने २०१४ पासून या देशांत राबवलेल्या कार्यक्रमातून आणि स्थानिक प्रशासनाच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी निवारे आणि स्वच्छतागृहं उभी राहिली. यावर कुठलंही लेबल लागत नाही, पण रास्त व्यापार हाही आहे.

मग काय व्हायला हवं?

माझं मत असं : फेअर ट्रेड टाकाऊ नाही, अपुरा आहे. त्याने भावाची हमी दिली. आता हिशेबाची हमी द्यायला हवी.

• लेबल देणाऱ्या संस्थांनी सभासदत्व जमिनीवरून ठरवणं थांबवावं. जो राबतो तो सभासद, किंवा किमान पती-पत्नीचं संयुक्त सभासदत्व. वजनाची पावती आणि पैसे ज्याच्या-त्याच्या नावावर. पापुआ न्यू गिनीत हे १९९७ मध्ये एका कार्डावर जमलं. आज मोबाइलच्या काळात जमणार नाही, असं कोणी सांगू नये.

• कंपन्यांनी कच्चा माल घेऊन त्यावर हसऱ्या बाईचा फोटो छापण्यापेक्षा प्रक्रियेचा एखादा टप्पा तिच्या गावात ठेवावा आणि खरेदीचे करार अनेक वर्षांचे करावेत.

• श्रीमंत देशांनी शुल्कसवलत आणि वादळानंतरची भरपाई हे उपकार नसून थकबाकी आहे, हे मान्य करावं.

आणि ग्राहक म्हणून आपण? पाकिटावर शिक्का दिसला की समाधान मानून पुढे जाण्याआधी कंपनीची वेबसाइट उघडून पाहावी. महिलांचा फोटो असेलच. त्यांना पैसे थेट मिळतात का, संस्थेच्या सभासदांत त्या किती आहेत, तेल किंवा चॉकलेट कुठे तयार होतं, हे लिहिलंय का? नसेल तर एक ओळीचा ई-मेल करून विचारावं. असे प्रश्न पुरेशा लोकांनी विचारले, तर कंपन्यांना उत्तरं तयार ठेवावी लागतात. वेस्ट न्यू ब्रिटनमधली फळं कित्येक वर्षं मातीत सडली, कारण पैसे कोणाच्या नावावर जातात हे तोवर कोणी नीट विचारलंच नव्हतं.